फाइल-सर्व्हर : जोडणीतील दोष व त्यांचे निदान

एका संगणकाच्या डिस्कवरील फाइली जाळ्यातील इतर संगणकांना जणू त्यांच्या स्वतःच्याच डिस्कवर असाव्यात अशा रीतीने उपलब्ध करून देणाऱ्या संगणकास फाइल-सर्व्हर म्हणतात. त्याच्याकडे फाइलींची मागणी करणाऱ्या संगणकास प्रस्तुत नोंदीत ग्राहक संगणक म्हटले आहे. कचेऱ्या, महाविद्यालये, रुग्णालये, मुद्रणालये इ. ठिकाणी ही व्यवस्था सर्रास आढळते. घरगुती वापरासाठी मिळणारी पेटीवजा साठवण-उपकरणे हीदेखील फाइल-सर्व्हरच होत. व्यवस्था सुरळीत चालू असेपर्यंत वापरणाऱ्याला तिचे अस्तित्व जाणवत नाही व तसे ते जाणवू नये हाच तिचा हेतू असतो. जोडणी तुटली की मात्र पडद्यावर एखादे त्रोटक वाक्य उमटते. हे वाक्य म्हणजे बहुधा ग्राहक संगणकाने आपल्या बाजूने केलेले अनुमान असते. सर्व्हरच्या बाजूला प्रत्यक्ष काय घडले याची हकिगत त्यात क्वचितच असते. ‘जाळ्यातील मार्ग सापडला नाही’ हा एकच संदेश नाव चुकल्यामुळे, तार निघाल्यामुळे, फायरवॉलने अडविल्यामुळे किंवा सर्व्हरवरील सेवा बंद पडल्यामुळेही येऊ शकतो. म्हणून निदान करताना संदेशाच्या शब्दांपेक्षा जोडणी कोणत्या पायरीपर्यंत पोहोचली होती हे ठरविणे अधिक महत्त्वाचे असते.

प्रोटोकॉल : फाइली मागण्याची व पुरविण्याची भाषा दोन्ही संगणकांना सारखीच समजावी लागते. या भाषेचे नियम म्हणजे प्रोटोकॉल होय. यांपैकी दोन विशेष प्रचारात आहेत. नेटवर्क फाइल सिस्टिम किंवा संक्षेपाने एनएफएस हा प्रोटोकॉल अमेरिकेतील सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीत १९८४ च्या सुमारास तयार झाला. त्याची दुसरी आवृत्ती १९८९ मध्ये, तिसरी १९९५ मध्ये व चौथी २००० मध्ये आरएफसी या दस्तऐवज-मालिकेत प्रसिद्ध झाली. युनिक्स व लिनक्स प्रणालींवर तो मुख्यत्वे वापरतात. दुसरा प्रोटोकॉल सर्व्हर मेसेज ब्लॉक किंवा एसएमबी हा होय. आयबीएम कंपनीतील बॅरी फायगेनबॉम यांनी १९८३ मध्ये त्याची आखणी केली. पुढे मायक्रोसॉफ्ट कंपनीने त्याचा विस्तार केला व तो विंडोज प्रणालीचे अंग बनला. ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीतील अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९१-९२ मध्ये हीच भाषा बोलणारा एक आज्ञासंच युनिक्ससाठी लिहिला. त्याचे पहिले नाव दुसऱ्या एका कंपनीकडे असल्याचे आढळल्यावर एस, एम व बी ही अक्षरे याच क्रमाने येणारा शब्द त्यांनी शब्दसूचीत शोधला व ‘साम्बा’ हे नाव रूढ झाले. 

दोन्ही प्रोटोकॉलांची प्रकृती मुळात भिन्न आहे. एसएमबीमध्ये सर्व्हर प्रत्येक ग्राहकाशी एक सत्र उघडतो, त्याची ओळख पटवून घेतो व सत्र संपेपर्यंत त्याची नोंद ठेवतो. एनएफएसच्या आरंभीच्या आवृत्त्यांत सर्व्हर ग्राहकांची कोणतीही आठवण ठेवीत नसे. प्रत्येक मागणी स्वतंत्र व स्वयंपूर्ण असे. दोहोंत उद्‌भवणाऱ्या दोषांचे स्वरूपही त्यामुळे वेगवेगळे असते.

नाव, पत्ता व मार्ग : वापरणारा सर्व्हरचे नाव सांगतो, जाळ्याला मात्र अंकांनी बनलेला पत्ता लागतो. नावावरून पत्ता काढण्याच्या पायरीवर होणारे दोष फार सामान्य आहेत. सर्व्हरचा पत्ता बदललेला असतो आणि ग्राहक संगणकाच्या स्थानिक यादीत किंवा नामसेवेत जुनाच पत्ता राहिलेला असतो. नावाऐवजी प्रत्यक्ष पत्ता दिल्यास जोडणी झाली, तर दोष नावात आहे हे निश्चित होते. पत्त्यानेही जोडणी न झाल्यास पिंग या आज्ञेने सर्व्हर उत्तर देतो की नाही हे पाहण्याचा प्रघात आहे. परंतु पुष्कळ ठिकाणी फायरवॉल पिंगची हाक मुद्दाम अडविते, त्यामुळे उत्तर न येणे हा सर्व्हर बंद असल्याचा पुरावा नव्हे. 

विंडोजमधील ‘नेटवर्क’ या यादीत सर्व्हर न दिसणे हाही असाच फसवा पुरावा आहे. ही यादी तयार करण्याची जुनी पद्धत एसएमबीच्या पहिल्या आवृत्तीवर अवलंबून होती. ती आवृत्ती काढून टाकलेल्या संगणकांवर यादी रिकामी दिसते. परंतु सर्व्हरचे नाव थेट टाइप केल्यास फोल्डर व्यवस्थित उघडतो. अशा वेळी बिघडलेली असते ती केवळ यादी.

नकार आणि मौन : पत्ता मिळाल्यावर ग्राहक संगणक सर्व्हरच्या ठरावीक क्रमांकाच्या पोर्टवर जोडणी मागतो. एसएमबीचा पोर्ट ४४५ (जुन्या नेटबायॉस पद्धतीत १३९) व एनएफएसचा २०४९ हा आहे. या टप्प्यावर तीन प्रकारची उत्तरे संभवतात व त्यांच्यातील भेद ओळखता आला तर निम्मे निदान होते. ‘जोडणी नाकारली’ असे उत्तर तात्काळ आले, तर सर्व्हर जागा आहे, मार्ग उघडा आहे, परंतु त्या पोर्टवर ऐकणारी सेवा चालू नाही असा सामान्यतः अर्थ होतो. नकार हा शब्द कानाला कटू लागत असला, तरी निदानाच्या दृष्टीने तो शुभवर्तमानच म्हटला पाहिजे. कारण तार, नाव, पत्ता व मार्ग या सर्व शंका त्याने एकदम मिटतात आणि सर्व्हरवरील सेवा सुरू करणे एवढेच काम उरते. काहीही उत्तर न येता बराच वेळ गेल्यावर ‘मुदत संपली’ असा संदेश आला, तर मात्र मधल्या एखाद्या फायरवॉलने मागणी गिळंकृत केली आहे, सर्व्हर बंद आहे किंवा तो पत्ता आता कोणाचाच नाही, यांपैकी काहीही असू शकते. तिसरे उत्तर ‘यजमानाकडे जाण्याचा मार्ग नाही’ हे होय. ते शब्दशः घेतल्यास माणूस राउटर तपासण्यात दिवस घालवितो. प्रत्यक्षात लिनक्सच्या काही प्रचलित वितरणांतील फायरवॉल मागणी फेटाळताना जे उत्तर पाठविते, त्याचे भाषांतर ग्राहक संगणक याच शब्दांत करतो. मार्ग उत्तम असतो, दार तेवढे लावलेले असते.

हे भेद पाहण्यासाठी फाइल-प्रोटोकॉल बाजूस ठेवून केवळ पोर्ट उघडतो किंवा नाही एवढेच तपासावे लागते. लिनक्सवर नेटकॅट व विंडोजवर टेस्ट-नेटकनेक्शन ही आज्ञा त्यासाठी वापरतात. पोर्ट सर्व्हरवरूनच तपासला असता उघडा व शेजारच्या संगणकावरून बंद आढळला, तर दोष त्या दोघांच्या मध्ये आहे. विंडोजमध्ये जाळे ‘सार्वजनिक’ या वर्गात नोंदले गेले असल्यास फाइली वाटण्याची सेवा फायरवॉल आपोआप रोखते. नवीन राउटर बसविल्यावर काल चालणारी जोडणी आज अकस्मात बंद पडते, त्याचे हे एक नित्याचे कारण होय. घरून इंटरनेटमार्गे ४४५ या पोर्टवर पोहोचू पाहणाऱ्यांची वाट तर अनेकदा इंटरनेट पुरविणाऱ्या कंपनीनेच अडविलेली असते. कृमी-आज्ञावलींचा प्रसार रोखण्यासाठी केलेली ही योजना आहे. तेथे सर्व्हरची मांडणी कितीही तपासली तरी व्यर्थ होय. आभासी खासगी जाळ्यातून (व्हीपीएनमधून) जाणे हाच मार्ग उरतो.

आवृत्तींचा मेळ : पोर्ट उघडल्यावर दोन्ही बाजू प्रोटोकॉलच्या कोणत्या आवृत्तीत बोलावयाचे ते ठरवितात. २०१७ नंतर याच पायरीवर जोडण्या तुटण्याचे प्रमाण लक्षणीय झाले. त्या वर्षी लिनक्सच्या ४.१३ या आवृत्तीने एसएमबीच्या पहिल्या आवृत्तीऐवजी नव्या आवृत्त्या गृहीत धरण्यास सुरुवात केली व ऑक्टोबरमध्ये विंडोज १० च्या १७०९ या आवृत्तीपासून पहिली आवृत्ती मुळातच बसविली जाईनाशी झाली. साम्बाने २०१९ मध्ये ४.११ या आवृत्तीत तसेच केले. परिणामी केवळ पहिली आवृत्ती जाणणारी जुनी साठवण-उपकरणे व कागद स्कॅन करून थेट फोल्डरात ठेवणारी जुनी प्रतियंत्रे एका अद्ययावतीकरणानंतर मुकी झाली. या प्रसंगी लिनक्सवर अनेकदा दिसणारा संदेश विलक्षण दिशाभूल करणारा आहे : ‘यजमान बंद आहे’ (त्रुटी क्रमांक ११२). यजमान बंद नसतो. तो उत्तर देतो, पण दोघांना समजेल अशी एकही भाषा न निघाल्याने संभाषण तेथेच संपते.

ओळख व परवानगी : येथवर जोडणी आली म्हणजे जाळ्याचा प्रश्न संपला व माणसांचा सुरू झाला असे म्हणता येईल. विंडोजमधील त्रुटी-क्रमांक या टप्प्यावर पुष्कळ उपयोगी पडतात. ५३ म्हणजे सर्व्हरच सापडला नाही. ६७ म्हणजे बहुधा सर्व्हर सापडला, पण त्या नावाचा सामायिक फोल्डर त्याच्याकडे नाही. १३२६ म्हणजे वापरकर्त्याचे नाव किंवा परवलीचा शब्द चुकला. ५ म्हणजे ओळख पटली, पण परवानगी नाही. शेवटच्या दोहोंची गल्लत करून परवलीचा शब्द पुनःपुन्हा बदलीत बसणारे अनेक असतात. परवानगीही दोन ठिकाणी तपासली जाते : सामायिक फोल्डरावर एकदा व डिस्कवरील फाइलींवर पुन्हा एकदा. दोहोंपैकी जी अधिक कडक असेल ती लागू होते. लिनक्स सर्व्हरवर एसईलिनक्स ही सुरक्षा-व्यवस्था चालू असल्यास तिची तिसरी चाळणी असते आणि पहिल्या दोन ठीक असूनही ती मागणी नाकारू शकते.

क्रमांक १२१९ ची त्रुटी थोडी निराळी आहे. विंडोजचा एक वापरकर्ता एकाच सर्व्हरशी एकाच वेळी दोन वेगवेगळ्या नावांनी जोडणी करू शकत नाही. सकाळी एका नावाने उघडलेले व विसरलेले सत्र दुपारी दुसऱ्या नावाने येऊ पाहणाऱ्याला अडविते. नेट यूज या आज्ञेने जुन्या जोडण्या पाहून त्या मोडल्या की अडचण दूर होते. नावाऐवजी पत्ता दिला तरी जोडणी होते, कारण विंडोजच्या दृष्टीने तो वेगळा सर्व्हर ठरतो. ही निव्वळ पळवाट होय. मोठ्या संस्थांत ओळख पटविण्यासाठी केर्बेरॉस ही पद्धत वापरतात. तीत दोन्ही संगणकांच्या घड्याळांत पाच मिनिटांहून अधिक फरक पडल्यास सामान्यतः ओळख नाकारली जाते. मदरबोर्डावरील लहानशी विद्युत् घटमाला संपल्याने घड्याळ मागे पडलेला संगणक याप्रमाणे फाइल-सर्व्हरपासून तुटू शकतो आणि परवलीचा शब्द अचूक असूनही तो चुकल्याचा भास होतो.

एनएफएसमधील विशेष दोष : एनएफएसमध्ये नेहमीच्या मांडणीत माणसाची ओळख नावाने नव्हे, तर अंकाने सांगितली जाते. ग्राहक संगणकावर १००१ हा अंक एका व्यक्तीचा व सर्व्हरवर तोच दुसरीचा असल्यास पहिलीला दुसरीच्या फाइली उघडता येतात आणि स्वतःच्या मात्र येत नाहीत. सर्वाधिकारी वापरकर्त्याला सर्व्हर हेतुपुरस्सर ‘नोबडी’ म्हणजे कोणीही नसलेला असा समजतो, म्हणून आपल्या संगणकावर सर्व काही करू शकणाऱ्या व्यवस्थापकालाच तेथे लिहिता येत नाही. याखेरीज या पद्धतीत एका मागणीबरोबर जास्तीत जास्त १६ गटांचे सदस्यत्व कळविता येते. सतराव्या गटात ज्याला घातले त्याची एखाद्या फोल्डरावरील परवानगी कोणताही बदल न दिसता नाहीशी होऊ शकते. गटांची यादी सर्व्हरनेच ठरवावी अशी सूचना दिल्यास ही मर्यादा टळते.

कोणाला काय द्यावयाचे हे लिनक्स सर्व्हरवरील ‘एक्स्पोर्ट्स’ या फाइलीत लिहिलेले असते. तीत ग्राहकाचे नाव व त्याला जोडून कंसात अटी देतात. नाव आणि कंस यांच्यामध्ये एक मोकळी जागा पडली, तर अर्थ संपूर्ण बदलतो : नाव घेतलेल्या संगणकाला ठरावीक, म्हणजे केवळ वाचण्याच्या, अटी लागू होतात आणि कंसातील लिहिण्याची मुभा जगातील इतर सर्व संगणकांना मिळते. तक्रार येते ती ‘मला लिहिता येत नाही’ एवढीच. दुसरी, कितीतरी गंभीर बाब कोणी तक्रार करीत नाही म्हणून तशीच राहते.

तिसऱ्या आवृत्तीत २०४९ शिवाय १११ हा पोर्ट व माउंट-सेवेचा बदलता पोर्ट उघडा लागतो. चौथीत २०४९ पुरेसा असतो. त्यामुळे फक्त चौथी आवृत्ती चालविणाऱ्या सर्व्हरविरुद्ध शोमाउंट ही जुनी तपासणी-आज्ञा अयशस्वी ठरते, जोडणी मात्र उत्तम होते. मॅक संगणक १०२४ पेक्षा मोठ्या क्रमांकाच्या पोर्टवरून मागणी करतात व लिनक्स सर्व्हर अशी मागणी नेहमीच्या मांडणीत नाकारतो. तेथे राखीव पोर्ट वापरण्याची सूचना मॅकला द्यावी लागते.

‘सर्व्हर प्रतिसाद देत नाही, अजून प्रयत्न चालू’ हा एनएफएसचा सर्वांत परिचित व सर्वाधिक शिव्याशाप मिळविणारा संदेश असावा. तो देणारी आज्ञावली गोठल्यासारखी होते, साध्या उपायांनी बंदही करता येत नाही. तथापि हा दोष नसून मूळ रचनेतील निर्णय आहे. ग्राहकांची आठवण न ठेवणारा सर्व्हर बंद पडून पुन्हा सुरू झाला, तर ग्राहकाने आपली मागणी तशीच पुन्हा पाठवावी एवढे पुरते. म्हणून ‘हार्ड’ प्रकारच्या जोडणीत ग्राहक अमर्याद काळ वाट पाहतो. सर्व्हर परत येताच अडलेले काम जेथे थांबले होते तेथून पुढे सुरू होते. वाट पाहण्याला कंटाळून ‘सॉफ्ट’ जोडणी निवडल्यास काही प्रयत्नांनंतर त्रुटी येते व आज्ञावली मोकळी होते. परंतु लिहिण्याचे काम अर्धवट सुटते आणि पुष्कळ आज्ञावल्या ती त्रुटी तपासत नाहीत. फाइल जतन झाल्याचा समज होतो. प्रत्यक्षात तिचा काही भाग डिस्कवर पोहोचलेलाच नसतो. केवळ वाचण्यासाठी असलेल्या फोल्डरांपुरता हा पर्याय क्षम्य ठरतो. लिनक्सच्या २.६.२५ (२००८) या आवृत्तीपासून अशी अडकलेली आज्ञावली सक्तीने संपविता येते.

‘शिळी फाइल-खूण’ या अर्थाचा संदेश येण्याचे कारण वेगळे आहे. सर्व्हर प्रत्येक फाइलीसाठी ग्राहकाला एक खूण देतो; तीत डिस्कवरील विभागाची व फाइलीची ओळख गुंफलेली असते. फाइल दुसऱ्याने पुसली किंवा सर्व्हरवरील डिस्क बदलून तिच्या जागी प्रत बसविली, तर नावे तीच दिसूनही खुणा निरर्थक होतात. फोल्डर काढून पुन्हा जोडणे हा त्यावरील उपाय होय.

उपायांचे धोके : जोडणी होत नाही म्हणून फायरवॉल संपूर्ण बंद करणे, फोल्डर सर्वांना पूर्ण अधिकारांसह खुला करणे व एसएमबीची पहिली आवृत्ती पुन्हा सुरू करणे हे तीन उपाय नेहमी सुचविले जातात. तिन्ही बहुधा लागू पडतात आणि यातच त्यांचा धोका आहे. निदानासाठी फायरवॉल काही क्षण बंद करून पाहण्यास हरकत नाही. परंतु जोडणी झाल्याच्या आनंदात ती तशीच राहते. 

पहिल्या आवृत्तीच्या विंडोजमधील अंमलबजावणीत असलेल्या गंभीर त्रुटीवर मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजी दुरुस्ती प्रसिद्ध केली होती. १२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय ही खंडणीखोर कृमी-आज्ञावली त्याच त्रुटीचा फायदा घेऊन ४४५ या पोर्टमार्गे जगभर पसरली. इंग्लंडमधील राष्ट्रीय आरोग्य सेवेच्या २३६ पैकी निदान ८१ रुग्णालय-न्यासांचे काम तिने विस्कळीत केले. पाच भागांतील रुग्णांना तातडीच्या उपचारांसाठी दूरच्या रुग्णालयात जावे लागले व सु. १९,००० भेटी रद्द झाल्या असाव्यात असा अंदाज त्या देशाच्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाच्या अहवालात दिला आहे. बाधित संस्थांच्या संगणकांवर दुरुस्ती बसविलेली नव्हती. इंटरनेटकडील फायरवॉलची योग्य व्यवस्था केली असती, तरीही या संस्थांचे रक्षण झाले असते, असे त्याच अहवालात म्हटले आहे.

यानंतरच्या काळात प्रणाली अधिकाधिक कडक होत गेल्या. २०२४ मध्ये आलेल्या विंडोज ११ च्या २४एच२ या आवृत्तीत घरगुती प्रकार वगळता इतरांत प्रत्येक एसएमबी संदेशावर सांकेतिक स्वाक्षरी सक्तीची झाली. पाहुणा म्हणून परवलीच्या शब्दाविना देण्यात येणारा प्रवेश स्वाक्षरी करू शकत नसल्याने अशा प्रवेशावर चालणारी साठवण-उपकरणे तुटली. त्यांच्यावर नाव व परवलीचा शब्द असलेला वापरकर्ता निर्माण केल्यास आणि उपकरणाच्या मांडणीत स्वाक्षरी चालू केल्यास जोडणी बहुधा पूर्ववत होते. स्वाक्षरी किंवा नवी आवृत्ती मुळीच न जाणणारे यंत्र बदलणे शक्य नसेल, तर ते व त्याच्याशी बोलणारा एकच संगणक जाळ्याच्या स्वतंत्र भागात ठेवतात. जुनी आवृत्ती तेवढ्या संगणकावर चालू करून त्याच्याकडून फाइली नव्या सर्व्हरवर ठरावीक वेळी हलविल्या जातात.